धोतऱ्याची विषबाधा : ओळख आणि उपचार

शेताच्या बांधावर, उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीच्या आडोशाला आणि शिवालयाच्या आवारात आपोआप उगवणारा धोतरा न ओळखणारा मनुष्य मध्य भारतात विरळाच. महाशिवरात्रीस आणि श्रावणी सोमवारी त्याची फुले व काटेरी फळे शंकरास वाहिली जातात आणि शिवमंदिरांच्या बाहेर बेलपत्रांसोबत ती विक्रीस मांडलेली असतात. भोपाळनजीकच्या भोजपूरच्या यात्रेपासून उज्जैनच्या महाकाळापर्यंत या वनस्पतीला पूजेच्या ताटात स्थान आहे. तथापि इतक्या परिचयाच्या या झाडापासून होणारी विषबाधा मात्र पुष्कळदा ओळखली जात नाही, असा अनुभव आहे.

याचे कारण या विषाच्या स्वरूपातच दडलेले आहे. सर्वसाधारण विषबाधेत उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा येतात आणि घरच्या मंडळींना अन्नाचा संशय येतो. धोतऱ्याच्या बाधेत मनुष्य बरळू लागतो, नसलेल्या व्यक्तींशी बोलतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो, भिंतीला धडकत चालतो. हे पाहून कोणी त्यास वेड लागले असे समजतो, कोणास बाहेरची बाधा वाटते, तर कोणी दारू चढली म्हणून दुर्लक्ष करतो. उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असे पहिले काही तास गुनियाच्या किंवा देवऋषीच्या ओट्यावर खर्ची पडतात. एकाएकी बरळू लागलेला मनुष्य हा प्रथम रुग्ण समजावा, ही एक गोष्ट घरोघर ठसली तर कित्येक प्राण वाचू शकतील. त्या दृष्टीने आवश्यक ती माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

वनस्पतीचा परिचय

संस्कृतात धत्तूर, कनक, उन्मत्त, मातुल, कितव, धूर्त अशी या वनस्पतीची अनेक नावे आढळतात. त्यांतील ‘उन्मत्त’ हे नाव तिच्या परिणामाकडे, तर ‘कितव’ व ‘धूर्त’ ही नावे तिचा उपयोग करणाऱ्यांकडे बोट दाखवितात. कितव म्हणजे जुगारी किंवा ठक. या झाडाचा आणि फसवणुकीचा संबंध आपल्या पूर्वजांस किती जुन्या काळापासून ठाऊक होता, हे या नावांवरून कळून येते. आयुर्वेदाने धोतऱ्याची गणना उपविषांत केली असून विधिपूर्वक शुद्धी केल्यावाचून त्याचा औषधात वापर करू नये, असा दंडक घातला आहे.

हे झाड साधारणतः तीन ते पाच फूट वाढते. पाने रुंद व टोकदार असून चुरगाळली असता त्यांना उग्र दर्प येतो. फुले तुतारीच्या आकाराची, पांढरी किंवा जांभळट असतात. जांभळट फुलांच्या जातीस काळा धोतरा म्हणतात. फळ लिंबाएवढे, गोल व काटेरी असून पक्व झाल्यावर फुटते आणि त्यातून शेकडो चपटी बियाणे बाहेर पडतात. झाडाचे सर्वच भाग विषारी आहेत. त्यांतही बियांतील विष विशेष घातक असते. विषाचे प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक आणि झाडाच्या वयागणिक बदलते. म्हणूनच ‘अमुक इतके खाल्ले तर काही होत नाही’ हे विधान धोतऱ्याच्या बाबतीत कोणीही करू नये.

येथे नावाच्या एका घोटाळ्याविषयी सावध करणे अगत्याचे आहे. मराठीत ज्यास ‘पिवळा धोतरा’ आणि हिंदीत ‘सत्यानाशी’ म्हणतात, ती काटेरी पानांची व पिवळ्या फुलांची वनस्पती धोतऱ्याच्या कुळातील नाही. तिचे विषही निराळे आहे. तिच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यास पायांवर सूज येते, धाप लागते व हृदय निकामी होऊ शकते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीमुळे अनेकांस प्राणास मुकावे लागले होते. डॉक्टरांस माहिती देताना ‘धोतरा’ एवढेच न सांगता फूल कोणत्या रंगाचे व कोणत्या आकाराचे होते, हेही सांगावे.

उलटपक्षी, नावाने निराळ्या असूनही धोतऱ्यासारखेच विष बाळगणाऱ्या वनस्पती आहेत. बागांतून शोभेसाठी लावले जाणारे, खाली लोंबणाऱ्या मोठ्या तुतारीसारख्या फुलांचे झुडूप हे त्यांपैकी एक, आणि काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा खुरासानी ओवा हे दुसरे. यांच्या बाधेची लक्षणे व उपचार धोतऱ्याप्रमाणेच समजावेत.

धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी

न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत एक धडा पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जात आहे. तो म्हणजे धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी यांतील फरक. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील असल्याने त्यांच्या चपट्या बिया वरवर पाहता सारख्या दिसतात आणि मसाल्यात किंवा चटणीत मिसळल्या असता सहज ध्यानात येत नाहीत. हा फरक गृहिणींनाही माहीत असणे इष्ट आहे.

मिरचीचे बी फिकट पिवळे, पातळ, गोलसर व बहुतांशी गुळगुळीत असते. धोतऱ्याचे बी त्याहून थोडे मोठे व जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचे, पिवळसर तपकिरी किंवा गडद तपकिरी असते. त्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खळगे असतात आणि कडा दुहेरी भासते. मिरचीच्या बियांस तिखट वास व चव असते, धोतऱ्याच्या बियांस वास नसतो. संशयित बी चाखून पाहण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. ते कागदात गुंडाळून रुग्णासोबत रुग्णालयात न्यावे.

इतिहासातील नोंदी

धोतऱ्याच्या विषप्रयोगाची लेखी नोंद आपल्याकडे बरीच जुनी आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोतऱ्यावर स्वतंत्र प्रकरण असून, अन्नात धोतरा घालून घरातील माणसांस भ्रमिष्ट करावयाचे आणि दागिने घेऊन पळून जावयाचे, अशा चोरीचे वर्णन आहे. बाधा झालेली माणसे हसत राहतात व आपल्या डोळ्यांदेखत चाललेल्या लुटीस हरकत घेत नाहीत, हे त्याने नेमके टिपले आहे.

मध्य प्रदेशाशी तर या विषयाचा संबंध अधिकच निकटचा आहे. जबलपूर येथे राहून ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याचे नाव आजही कटनी जिल्ह्यातील स्लीमनाबाद या गावाला आहे. त्याच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात ठग आणि विषप्रयोग करणारे यांच्यावर एक प्रकरण आहे. ठग फास टाकून जीव घेत. विषप्रयोग करणारे मात्र वाटसरूंशी मैत्री जोडून, एकत्र स्वयंपाक करून, त्यांच्या अन्नात धोतरा मिसळीत. पुढे १८५६ साली डॉ. नॉर्मन चेव्हर्स यांनी लिहिलेल्या न्यायवैद्यकावरील ग्रंथातही धोतऱ्याच्या विषप्रयोगाची विस्तृत चर्चा आढळते. अशा गुन्ह्यांचा तपास कठीण जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे वाचलेल्या मनुष्यास मधल्या काळातील फारसे काही आठवत नाही.

ही विस्मृती केवळ आपल्याच देशातील नोंदींत आढळते असे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत १६७६ साली बंड मोडण्यासाठी जेम्सटाउन येथे आलेल्या सैनिकांनी धोतऱ्याची कोवळी पाने भाजी समजून शिजवून खाल्ली. ते अकरा दिवस भ्रमिष्टासारखे वागत राहिले आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना घडल्या प्रकारातील काहीच आठवेना, असे वर्णन रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात आहे. शिजविल्याने धोतऱ्याचे विष नाहीसे होते असा समज असणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

विषबाधा कशी घडते ?

पहिला प्रकार मुलांचा. खेळताना काटेरी फळ फोडून त्यातील बिया तोंडात घालणे, फुलाचा देठ चोखणे, पूजेतून उरलेले फळ हाताळणे, हे लहान मुलांच्या हातून सहज घडते. मुलांमध्ये थोडे विषही तीव्र परिणाम करते.

दुसरा प्रकार अन्नात नकळत मिसळ होण्याचा. मध्य प्रदेश हे सोयाबीनच्या लागवडीत अग्रेसर राज्य आहे आणि खरिपाच्या शेतात धोतरा हे तण म्हणून उगवते. कापणीच्या वेळी त्याची फळे पिकासोबत मळणीत गेली तर बिया धान्यात येतात. २०१९ साली युगांडात मदत म्हणून वाटण्यात आलेल्या मका व सोयाबीनच्या पौष्टिक पिठात धोतऱ्याचे विष आढळले. शेकडो लोक आजारी पडले आणि पाच जण दगावले. पालेभाजीच्या बाबतीतही हाच धोका असतो. २०२२ च्या डिसेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियात पालकाच्या जुडीत धोतऱ्याची पाने आल्यामुळे अनेक लोकांस भ्रम व दृष्टिदोष जाणवला होता. आधुनिक यंत्रांनी स्वच्छ केलेल्या, वेष्टनातील मालाची जर ही कथा, तर बांधावरून खुडून आणलेल्या माठ-तांदुळज्याची निवड किती काळजीने केली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा प्रकार नशेचा व घरगुती औषधांचा. होळीला किंवा शिवरात्रीला भांगेची धुंदी वाढविण्यासाठी तीत धोतरा घोटण्याची घातक रीत काही ठिकाणी आहे. भांगेची नशा आणि धोतऱ्याची बाधा या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, हे तरुणांनी समजून घ्यावे. दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्याची पद्धतही जुनी आहे. आज दम्यावर सुरक्षित औषधे उपलब्ध असताना हा धोका पत्करण्याचे काहीच प्रयोजन नाही. २०२० च्या एप्रिल महिन्यात आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात, भ्रमणध्वनीवर पसरलेल्या एका चित्रफितीवर विसंबून, करोनापासून बचाव होईल या आशेने काही कुटुंबांतील मंडळींनी धोतऱ्याच्या बियांचे पेय घेतले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

चौथा प्रकार गुन्हेगारीचा. प्रवासात अनोळखी व्यक्तीने आग्रहाने दिलेला पेढा, चहा किंवा प्रसाद हे लुटीचे जुने साधन आहे.

विष शरीरात काय करते ?

धोतऱ्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. आपल्या मज्जातंतूंचे संदेश अवयवांपर्यंत पोहोचविणाऱ्या रसायनांपैकी एकाचे नाव ॲसिटिलकोलीन आहे. लाळ व घाम सुटणे, डोळ्याची बाहुली लहान होणे, आतड्यांची हालचाल होणे, लघवी बाहेर पडणे, हृदयाची गती आवरली जाणे, ही कामे त्याच्याकडून होतात. मेंदूतील स्मरण व भान यांच्याशीही त्याचा संबंध आहे. धोतऱ्याची द्रव्ये या रसायनाची जागा अडवून बसतात, आणि म्हणून ही सर्व कामे एकाच वेळी बंद पडतात. ही गोष्ट समजली की पुढील लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. ती ओघानेच ध्यानात येतात.

लक्षणे

खाल्ल्यानंतर साधारणतः अर्ध्या ते एक तासात बाधा जाणवू लागते. काढा किंवा पेय घेतले असल्यास ती लवकर, अखंड बिया गिळल्या असल्यास उशिरा दिसते. प्रथम तोंडाला कोरड पडते, घसा सुकतो, तहान लागते, आवाज घोगरा होतो आणि गिळणे कठीण जाते. चेहरा लालबुंद होतो. घाम येत नसल्याने त्वचा कोरडी व तापलेली लागते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सहन होत नाही, जवळचे दिसत नाही. नाडी जलद चालते. लघवी तुंबते आणि पोटाचा खालचा भाग फुगतो. पावले झिंगल्यासारखी पडतात.

यापुढे भ्रम सुरू होतो. रुग्ण अस्पष्ट पुटपुटतो, नसलेली माणसे व प्राणी पाहतो, अंथरुणाची चादर चिमटीत धरून ओढतो, बोटांतून अदृश्य धागे काढीत असल्यासारखे हावभाव करतो, अदृश्य सुईत दोरा ओवतो. कधी हसतो, कधी भयभीत होऊन पळू पाहतो. अशा अवस्थेत विहिरीत पडणे, वाहनासमोर येणे, गच्चीवरून कोसळणे हे धोके विषाइतकेच भयंकर असतात. तीव्र बाधेत ताप फार चढतो, आकडी येते, नंतर गुंगी व बेशुद्धी येऊन श्वास मंदावतो आणि मृत्यू ओढवू शकतो.

सामान्यतः एक ते दोन दिवसांत भान परत येते, मात्र बाहुल्या मोठ्या राहणे व दृष्टी अंधुक असणे आणखी काही दिवस टिकू शकते. धोतऱ्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते व बिया पोटात रेंगाळतात. यास्तव रुग्ण थोडा सावरला म्हणून धोका टळला, असे मानू नये.

शेतकऱ्यांसाठी एक विशेष सूचना. निंदणी करताना धोतऱ्याचा रस हाताला लागून तोच हात डोळ्याला लागला तर त्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते व अंधुक दिसू लागते. डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा आणि डॉक्टरांस दाखविताना धोतरा उपटल्याचे आवर्जून सांगावे.

वेड, दारू, उष्माघात की विष ?

वेड लागण्याची क्रिया सहसा अर्ध्या-एक तासात घडत नाही. काल-परवापर्यंत स्वस्थ असलेला मनुष्य जेवणानंतर एकाएकी बरळू लागला, तर विषाची शंका आधी घ्यावी. एकाच पंक्तीला जेवलेल्या दोघा-चौघांस सारखाच त्रास झाला असेल तर शंका जवळजवळ खात्रीतच बदलते.

दारू प्यालेल्या मनुष्याच्या तोंडाला वास येतो आणि त्याचे तोंड व त्वचा धोतऱ्याप्रमाणे शुष्क होत नाही. कीटकनाशकाच्या, म्हणजे फवारणीच्या औषधाच्या बाधेत बहुधा धोतऱ्याच्या अगदी उलट चित्र दिसते : बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहते, घाम सुटतो. अशा रुग्णावर डॉक्टर ॲट्रोपीनचेच इंजेक्शन वापरतात. एका रोगाचे औषध हेच दुसरीकडे विष ठरते, ते असे. परंतु यावरून फवारणीच्या बाधेवर धोतऱ्याचा रस पाजण्याची कल्पना कोणी काढील तर ती प्राणघातक ठरेल. औषधाची मात्रा रुग्णाची नाडी, छाती व बाहुल्या पाहून क्षणोक्षणी ठरवावी लागते आणि ते काम रुग्णालयातच होऊ शकते.

वैशाख-ज्येष्ठातील उन्हात उष्माघाताची लक्षणे धोतऱ्याशी बरीच मिळतीजुळती असतात. तापलेली त्वचा व बरळणे दोहोंतही असते. मोठ्या झालेल्या बाहुल्या, तुंबलेली लघवी आणि सुकलेले तोंड ही त्रयी धोतऱ्याकडे निर्देश करते. मेंदूज्वर व मेंदूत गेलेला मलेरिया यांतही रुग्ण बरळतो. निदानाचा अंतिम निर्णय डॉक्टरांचा. या सर्वच प्रसंगी रुग्णालय गाठणे हाच योग्य मार्ग असल्यामुळे, घरच्यांनी नेमका रोग ओळखण्यात वेळ दवडू नये.

प्रथमोपचार

१. रुग्ण शुद्धीवर असेल तर तोंडातील बिया, पाने अथवा अन्नाचे कण ओल्या फडक्याने बाहेर काढावेत व तोंड धुवावे.

२. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. तिची वाट पाहण्यात उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र कार्य करीत असून १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो. हा सल्ला रुग्णालयाच्या वाटेवरही घेता येतो. त्यासाठी घरी थांबू नये.

३. रुग्णास शांत, मंद उजेडाच्या व हवेशीर जागी ठेवावे. घरातील एका परिचित व्यक्तीने जवळ बसून हळू आवाजात बोलत राहावे. गर्दी, आरडाओरड व झगझगीत प्रकाश यांमुळे भ्रम वाढतो.

४. अंग तापले असल्यास जादा कपडे काढून ओल्या कापडाने अंग पुसावे व वारा घालावा.

५. गुंगी येत असल्यास कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत जाणार नाही. आकडी आल्यास दातांत काहीही घालू नये.

६. काय व किती खाल्ले, केव्हा खाल्ले, पहिले लक्षण केव्हा दिसले, सोबत आणखी कोण जेवले, हे कागदावर लिहून घ्यावे. झाडाची फांदी, उरलेले अन्न व उलटी झाली असल्यास तिचा अंश स्वच्छ बरणीत घालून सोबत न्यावा.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. गिळण्याची शक्ती कमी झालेली असल्याने पदार्थ फुप्फुसात जाण्याची भीती असते. ताक, लिंबू, तूप किंवा दूध यांनी धोतऱ्याचा उतार पडतो या समजुतीवर विसंबू नये. झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. रुग्णास खाटेला किंवा खांबाला दोरखंडाने बांधू नये. बांधलेला रुग्ण सुटण्यासाठी सतत जोर लावतो, त्यामुळे आधीच तापलेले शरीर अधिक तापते. अंगारा, धुरी आणि मारझोड यांनी भ्रमिष्ट मनुष्याची भीती वाढते व वेळ जातो. घरच्यांच्या श्रद्धेचा मान राखूनही एवढे म्हणता येईल की, देवाला करावयाचा नवस रुग्णालयाच्या दारातूनही करता येतो.

रुग्णालयातील उपचार

रुग्णालयात प्रथम श्वास, नाडी, रक्तदाब व ताप यांकडे लक्ष दिले जाते. विष शोषून घेणारा औषधी कोळसा देण्याचा निर्णय डॉक्टर रुग्णाची शुद्ध पाहून घेतात. पोट धुण्याची क्रियाही सर्वांवर केली जात नाही. श्वासमार्ग सुरक्षित असल्याची खात्री करूनच ती योजिली जाते. क्षोभ व आकडी शमविण्यासाठी डायझेपाम किंवा लोराझेपाम या वर्गातील औषधे वापरतात. शरीर थंड करणे, शिरेतून द्रव देणे, तुंबलेली लघवी नळीने काढणे व हृदयाच्या विद्युत्‌आलेखावर नजर ठेवणे, हे उपचाराचे मुख्य भाग होत. बहुतेक रुग्ण एवढ्या शुश्रूषेने एक ते तीन दिवसांत बरे होतात.

या विषावर प्रत्यक्ष उतारा म्हणून फायसोस्टिग्मीन हे औषध ज्ञात आहे. १८६४ साली प्राग येथील डॉ. क्लाइनवेख्टर यांनी, ॲट्रोपीन प्यालेल्या कैद्यांवर, आफ्रिकेतील कॅलाबार नावाच्या घेवड्याचा अर्क वापरून गुण आल्याचे नोंदविले. फायसोस्टिग्मीन हे त्याच घेवड्यातून मिळते. ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि रुग्णाचे भान परत आणू शकते. परंतु हृदयाची गती अतिशय मंदावणे, आकडी येणे असे त्याचे धोकेही असल्यामुळे निवडक रुग्णांतच व देखरेखीखाली ते देतात. शिवाय ते सर्वत्र सहज उपलब्ध नसते. ‘उतारा मिळाला नाही म्हणजे उपचार झाला नाही’ असा ग्रह नातेवाइकांनी करून घेऊ नये.

पुरावा आणि कायदा

धोतऱ्याचा बळी ठरलेला मनुष्य स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही, हे वर आलेच आहे. कोणी काय खाऊ घातले, सामान कोठे गेले, हे त्यास पुढे सांगता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने इतरांनी पाहिलेले व जपून ठेवलेले तेवढेच पुरावा म्हणून उरते. रेल्वेच्या डब्यात किंवा बसस्थानकावर कोणी बरळताना आढळल्यास त्यास दारूडा समजून बाजूला सारण्यापूर्वी त्याचे तोंड सुकले आहे काय व बाहुल्या मोठ्या आहेत काय, एवढे तरी पाहावे आणि रेल्वे कर्मचारी अथवा पोलीस यांस कळवावे.

गुन्हा करण्याच्या हेतूने कोणासही विष किंवा गुंगी आणणारा पदार्थ देणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३२८ खाली अपराध होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच अपराध कलम १२३ मध्ये अंतर्भूत असून त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. विषबाधेच्या प्रकरणी डॉक्टर पोलिसांस कळवितात, तो नियमाचा भाग आहे. त्या भीतीने नातेवाइकांनी खरी हकीकत लपवू नये. हकीकत लपविल्यास नुकसान रुग्णाचेच होते.

प्रतिबंधाचे उपाय

शाळा, अंगणवाडी व घरे यांच्या परिसरातील धोतरा फुलावर येण्यापूर्वीच उपटावा आणि त्यानंतर हात साबणाने धुवावेत. पूजेसाठी आणलेली फळे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत व निर्माल्य उघड्यावर टाकू नये. शेतातील धोतरा फळ धरण्याआधी काढावा, म्हणजे मळणीत मिसळ होणार नाही. धान्य पाखडताना व चाळताना निराळ्या बिया दिसल्या तर वेगळ्या काढाव्यात. रानातील पालेभाजी पानापानाने निवडावी व अनोळखी पान टाकून द्यावे. प्रवासात अनोळखी व्यक्तीकडून खाद्यपेय स्वीकारू नये. कोणाच्याही सांगण्यावरून, अगर भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशावरून, धोतऱ्याचे घरगुती औषध करू नये.

शिक्षक, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीचे सदस्य यांनी शिवरात्रीच्या व होळीच्या आधी, तसेच खरिपाच्या मळणीपूर्वी, या विषयाची चर्चा गावात घडवून आणावी. मुलांना झाड प्रत्यक्ष दाखवून, हात न लावता त्याची ओळख करून द्यावी. सुकलेले तोंड, मोठ्या बाहुल्या, तापलेली कोरडी कातडी आणि एकाएकी सुरू झालेले बरळणे, ही चार लक्षणे प्रत्येक घरात माहीत असावीत. शंकराच्या मस्तकी शोभणारे हे फूल आपल्या पूजेत राहावे, पण त्याची ओळखही आपल्या घरांत राहावी. आणि कधी कोणी एकाएकी भ्रमिष्टासारखा वागू लागलाच, तर ‘याला काय लागले ?’ या प्रश्नाच्या आधी ‘याने काय खाल्ले ?’ हा प्रश्न विचारला जावा.